खंड्याची दाढ आणि प्रमिलाताई

"वय झालंय" असं कुणी प्रमिलाताईंसमोर म्हटलं की संपलंच. त्यांच्या स्वतःच्या वयाबद्दल बोललेलं त्यांना चालायचं, उलट आवडायचं. गुडघे किती वाजतात, मोतीबिंदूचं ऑपरेशन कसं झकास झालं, हे त्या रस्त्यात थांबवून सांगायच्या. पण कुणी म्हातारं कुत्रं किंवा मांजर घेऊन आला आणि "काय न्हाय बाई, वय झालंय त्याचं," एवढं बोलला, की चष्मा कपाळावर सरकवून त्या त्याच्याकडे बघायच्या.

"ते मला दिसतंय. मला न दिसणारं सांगा. पाणी किती पितं? उठताना आधी कुठला पाय टाकतं? खाताना मान कुठं वळवतं?"

समोरचा माणूस डोकं खाजवायचा. मग बाईंचा आवाज चढायचा. "म्हंजे तुमी त्याच्याकडं बघतच न्हाय. जावा घरी. आठ दिवस नुसतं बघा आन् मग या." जनावर खरंच अडचणीत असलं तर त्या जागच्या जागी औषधाला लागायच्या, ते वेगळं. पण एरवी माणसाला खरोखर परत पाठवायच्या, आणि गंमत म्हणजे तो आठ दिवसांनी यायचा. येताना वहिनीला, पोरांना, शेजाऱ्याला विचारून सगळी माहिती घेऊन यायचा.

प्रमिलाताई म्हणजे जनावरांच्या डॉक्टर. सगळी नोकरी इंदापूर आणि बारामती तालुक्यांतल्या सरकारी दवाखान्यांत गाई-म्हशी तपासण्यात गेली. यजमान लवकर गेले, मुलगी नागपूरला. निवृत्त झाल्यावर त्या भवानीनगरला आमच्या मागच्या गल्लीत राहायला आल्या, तेव्हा आम्हाला वाटलं, आता बाई तुळशीला पाणी घालतील आणि टीव्ही बघतील. बाईंनी ओसरीवर एक टेबल टाकलं आणि म्हाताऱ्या कुत्र्यामांजरांचा दवाखाना सुरू केला. तरुण कुत्रं आणलं तर "ह्याला काय धाड भरलीय?" म्हणून बारामतीला पाठवायच्या.

हे खूळ कुठून आलं, असं मी एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, "गाय थकली की चरवीत कळतं, दूध कमी होतं. मग माणूस धावत दवाखान्यात येतो. कुत्र्याचं काय कमी झालं ते मोजायला भांडंच नाही हो काटेवाले."

काटेवाले म्हणजे मी. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर कारकून होतो, म्हणून. आमची ओळखच त्यावरून झाली. एके दिवशी त्या दारात उभ्या. म्हणाल्या, डेअरीचा काटा बरोबर आहे का ते मला तपासून द्या. मला वाटलं दुधाची काही भानगड आहे. तसं नव्हतं. मोजायचं भांडं नाही ना, मग काटा वापरायचा, असं त्यांनी ठरवलं होतं. महिन्यातून एका रविवारी सकाळचं दूध गेलं की काटा धुवायचा, त्यावर पोतं अंथरायचं आणि आसपासची सगळी म्हातारी कुत्री-मांजरं तोलायची. "वजन सावकाश उतरायला लागलं की आत काहीतरी चालू असतं. मूत्रपिंड असेल, साखर असेल, दात असतील. डोळ्यांना ते फार उशिरा दिसतं. रोज बघणाऱ्याला तर दिसतच नाही."

आता आमचा भाग उसाचा. इथला माणूस एक वेळ व्याह्यावर विश्वास ठेवेल, काट्यावर ठेवणार नाही. पहिल्या रविवारी एकजण आपलं कुत्रं खाली उतरवून स्वतः काट्यावर चढला, मग कुत्र्याला घेऊन चढला, मग बोटांवर वजाबाकी करून म्हणाला, "जमतंय." दुसऱ्या महिन्यात त्याच कुत्र्याचं वजन उतरलं तसा हा भांडायला उठला. काटा हलका झालाय म्हणाला. बाई शांतपणे म्हणाल्या, "काटा तोच हाय. तुमचं कुत्रं वाळतंय. लघवी किती करतंय ते सांगा." आकडे त्या स्वतः कधी लिहून ठेवत नसत. कुत्रं तुमचं, ध्यानात तुम्ही ठेवायचं, हा नियम. आणि लोकांनी ठेवले की! चहाच्या गाडीवर लोक उसाचे एकरी टन सांगावेत तसं आपापल्या कुत्र्याचं वजन सांगायला लागले. मला त्या बाईचं पहिलं आश्चर्य वाटलं ते तिथं.

दुसरं आश्चर्य त्यांच्या कानांचं. तपासायला आलेल्या कुत्र्याकडे त्या आधी चक्क पाठ करून बसायच्या. मालकाला सांगायच्या, ह्याला फाटकापासून ओसरीपर्यंत चालवत आणा. फरशीवर नखांची टकटक व्हायची, बाई डोळे मिटून ऐकायच्या. "उजवा मागचा ओढतोय. खुब्यात दुखतंय." मग वळून बघायच्या, आणि पाय तोच असायचा. मला आधी वाटलं, चष्म्याच्या काचेत बघत असतील. एकदा मी मुद्दाम चष्मा मागून घेतला. तरी पाय तोच. "विचारा की, कसं ओळखलं," असं म्हणून त्या आमच्या तोंडाकडे बघत बसायच्या. कौतुक त्यांना मनापासून आवडायचं आणि ते त्या लपवायच्या नाहीत. विचारलं की मग सगळं समजावून सांगायच्या: दुखरा पाय जमिनीवर थोडा वेळ टेकतो, नखं घासत येतात, चौथी टकटक उशिरा पडते. ते ऐकून मीही गल्लीतल्या कुत्र्यांकडे पाठ करून बसून पाहिलं. मला फक्त कुत्रं येतंय एवढंच कळलं.

आमच्या घरात मनी होती, सुलभानं, म्हणजे माझ्या बायकोनं, पिल्लू असल्यापासून वाढवलेली. तरुणपणी एक नंबरची चोर. दुधाचं पातेलं कुठंही ठेवा, ही पोचायची. म्हातारपणी ती एकदम सुधारली. ओट्यावर चढेना, फडताळाकडे बघेना, दिवसभर पायपुसण्यावर बसून राही. सुलभा येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकानं सांगायची, "आमची मनी आता किती शहाणी झालीय." प्रमिलाताई चहाला आल्या होत्या. त्यांनी कप खाली ठेवला. मनीला मांडीवर घेतलं, पुढचा पंजा बोटांनी हलकेच दाबून उघडला आणि सुलभाला दाखवला. नख वाढून, गोल वळून, तळव्याच्या गादीत रुतलं होतं.

"शहाणी झाली नाही ती. चालता येत नाही तिला." सुलभाचा चेहरा पडला. बाईंनी नख कापलं, जखम धुतली, आणि मग जरा मऊ आवाजात सांगितलं की म्हातारं मांजर नखं घासायचं सोडतं, ती आपण कापायची असतात. सांधेही धरलेत, तर ओट्याशेजारी एक स्टूल ठेवा, म्हणजे दोन टप्प्यांत चढेल. "आणि मनानं गोळी देऊ नका हं. माणसाची तापाची गोळी मांजराला विष आहे. अर्धीसुद्धा नाही." पंधरवड्यात मनीनं पातेल्यात तोंड घातलं. सुलभा तिच्यावर ओरडली आणि ओरडता ओरडता रडायला लागली.

बाईंचं सगळं शास्त्र म्हटलं तर एवढंच होतं. आपण जनावराला स्वभाव चिकटवतो. शहाणं झालं, आळशी झालं, तापट झालं, रुसलं. त्या म्हणायच्या, म्हातारपणी स्वभाव बदलला असं वाटलं की आधी आजार शोधा. जनावर दुखणं लपवतं, ते त्याच्या रक्तातच आहे, आणि आपण त्याला नाव देऊन आणखी झाकतो.

कोऱ्हाळे बुद्रुकला एका गुऱ्हाळावर त्या काकवी आणायला गेल्या होत्या. मी गाडी चालवायला. तिथली म्हातारी कुत्री हौदाला तोंड लावून पाणी पीत होती, पितच होती. गुऱ्हाळवाला म्हणाला, "उष्णता झालीया तिला. चुलवाणाफुडं बसती ना. सब्जा पाजतोय." बाईंनी दोनच प्रश्न विचारले. माजावर कधी येऊन गेली? महिना-सव्वा महिना झाला असंल. आणि मागून सारखी चाटती का? व्हय. काकवीचा डबा तिथंच राहिला. "उष्णता न्हाय, पिशवीत पू झालाय. आत्ताच्या आत्ता बारामतीला न्यायची." काहिलीत रस उकळत होता. तो माणूस एकदा काहिलीकडे बघे, एकदा कुत्रीकडे. बाई नुसत्या उभ्या राहिल्या. शेवटी त्यानं भावाला हाक मारली, उलथनं त्याच्या हातात दिलं आणि कुत्रीला उचलून आमच्या गाडीत बसला. बारामतीत बाईंच्या हाताखाली शिकलेल्या एका डॉक्टरचा दवाखाना आहे, तिथं दुपारी ऑपरेशन झालं. उद्यावर टाकलं असतं तर गेली असती, असं तो म्हणाला. परतीच्या वाटेवर बाईंनी गुऱ्हाळवाल्याचा तास घेतला. पिल्लं नको असतील तर लहानपणीच ऑपरेशन करून घ्यायचं, म्हणजे पुढं हे भोग नाहीत. तो सगळ्याला व्हय व्हय म्हणत होता आणि मांडीवरच्या कुत्रीवरून हात फिरवत होता.

हे सगळं खरं, पण बाई मला पुरत्या कळल्या त्या खंड्याच्या वेळी.

कालव्यापलीकडे बिरूआबांची वस्ती आहे. आबांकडे पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. मुलगा सुनील लोणी देवकरच्या कारखान्यात लागला, थोडी बागायत झाली, मागं हिंडणारं कुणी उरलं नाही, तेव्हा आबांनी कळप विकला. खंड्या मात्र ठेवला. कळपामागचं उमदं, काळं-पांढरं कुत्रं, आता म्हातारं झालेलं. मेंढरं गेली आणि खंड्या बदलला. जिथं मेंढरं बसायची त्या मोकळ्या जागेपुढे पडून राही. भाकरीला तोंड लावेना, कुणाच्या हाकेला उठेना. साऱ्या पंचक्रोशीत ती गोष्ट झाली होती, की बिरूआबाच्या कुत्र्यानं मेंढरांचं मनाला लावून घेतलं. लोक मुद्दाम बघायला जायचे. मीही गेलो होतो आणि डोळ्यांत पाणी घेऊन आलो होतो.

एका सकाळी सुनील पिकअप घेऊन बाईंच्या दारात आला. मागं खंड्या, तोंडाला दोरीचं मुसकं. शेजारी आबा, मान खाली घालून. सुनीलची चार वर्षांची पोरगी खंड्याच्या गळ्यात पडायला गेली आणि खंड्यानं तिच्या हाताला चावा घेतला होता. पोरीला दवाखान्यात इंजेक्शनं सुरू झाली होती.

"बाई, इंजेक्शन द्या ह्याला. झोपवा," सुनील म्हणाला. "माझा बी जीव हाय त्याच्यावर. पण घरात लेकरू हाय."

बाईंनी त्याला दोष दिला नाही. "लेकराचं आधी, बरोबर हाय तुझं. पण चावलेलं कुत्रं दहा दिवस जिवंत ठेवून बघावं लागतं, पिसाळतंय का म्हणून. पोरीसाठीच. दहा दिवस त्याला माझ्याकडं बांध." मग त्या पिकअपपाशी गेल्या, हात न लावता दोन-तीन बाजूंनी खंड्याकडे बघितलं आणि आबांना विचारलं, "आबा, भाकरी कशी खातो?"

"कालवून दिली की खातो. कोरडी शिवत न्हाय. रुसलाय त्यो."

"पोरीनं हात कुठं लावला?"

"गालाला. मुका घ्यायला गेली."

"ह्या डोळ्याखाली सूज हाय बघा. लाळ एकाच बाजूनं गळती. मन तुटलं न्हाय आबा, दाढ सडलीय. लई दिस झालेत. पोरीनं नेमका तिथं हात लावला. चावला न्हाय त्यो, वरडला."

आबांनी मान वर केली, आणि मी त्यांना इतकं संतापलेलं कधी पाहिलं नव्हतं. "तुमाला काय ठावं? मी बघितलाय त्याला रातंदिस त्या रिकाम्या जागंफुडं. माणसाला कळंना एवढं ह्या मुक्या जिवाला कळलं. आन् तुमी दाढ म्हणताय!"

मला वाटलं, आता बाई फाडून खातील. बाई त्यांच्याजवळ गेल्या. "वाटलं असंल की त्याला वाईट. मी कुठं न्हाय म्हणते? दोन्ही खरं असंल आबा. पण मेंढरं मला परत आणता येत न्हाईत. दाढ काढता येती."

आबा पिकअपमध्ये जाऊन बसले. पिकअप गेली, खंड्या बाईंच्या कडुलिंबाखाली राहिला.

दहा दिवस बाईंनी त्याच्या तोंडाला हात लावला नाही. लांबूनच मऊ भातात औषधं, दुखणं कमी व्हायची, पू सुकायची. आबा रोज कालवा ओलांडून यायचे, फाटकाबाहेर बसायचे, बाईंशी अवाक्षर नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी खंड्या उठून त्यांच्यापर्यंत चालत गेला. आबांनी ते पाहिलं आणि तोंड फिरवलं. दहा दिवस झाले, कुत्रं ठणठणीत. पोरीवरचं ते संकट टळलं. पण सुनीलचा प्रश्न तिथंच होता, की घरात आणलं आणि पुन्हा चावलं तर?

बाई म्हणाल्या, रक्त तपासू, मूत्रपिंडं भूल सोसतील असं दिसलं तर दाढ काढू, मग ठरव.

"आन् भुलीतच गेला तर?"

"तर तू जे मागायला आलता तेच हुईल. जगला तर मात्र माझं ऐकायचं."

दाढ निघाली. बारामतीहून येताना बाईंनी ती कापसात गुंडाळून आणली आणि आबांच्या हातावर ठेवली. मुळाशी काळी, पोखरलेली. आबा ती उलटसुलट करून कितीतरी वेळ बघत होते. जखम भरेपर्यंत खंड्या बाईंकडेच राहिला आणि त्या दिवसांत आम्ही गल्लीतले लोक सारखे फाटकाशी. खंड्या गल्लीतून जाणाऱ्या शेळ्यांवर भुंकला तेव्हा आम्ही टाळ्या पिटल्या. एवढं मोठं कुत्रं त्या आजारी कुत्र्याच्या आत इतके दिवस होतं, हे आम्हाला कुणालाच दिसलं नव्हतं.

मग एका संध्याकाळी सुनील आला, पोरीला घेऊन. आबा होतेच. सुनीलच्या हातात तेच दोरीचं मुसकं. बाईंनी पोरीला बापापाशी लांब उभं केलं. मग साडीचा पदर खोचला आणि ती एवढी मोठी, जाड, गुडघे गेलेली बाई अंगणात खंड्यासमोर आधी बसली, मग कोपरावर टेकून चक्क आडवी झाली. खंड्याचं तोंड आणि त्यांचं तोंड अगदी समोरासमोर. मुसकं नाही, दोरी नाही.

त्यांनी हात पुढं केला. खंड्यानं हुंगला. मग त्यांनी तो हात त्याच्या गालावर, नेमका त्या दाढेच्या जागी ठेवला आणि दाबला. त्याचे कान, त्याचे डोळे, सगळं त्या वाचत होत्या आणि आम्ही त्यांना बघत होतो. तो नुसता गुरगुरला असता तरी सुनीलनं त्याला घरी नेलं नसतं. खंड्यानं डोळे मिटले आणि डोक्याचा सगळा भार त्या हातावर टाकला.

"बघ पोरी," बाई जमिनीवरूनच म्हणाल्या, "आधी हात असा लांब धरायचा. त्यानं हुंगला तरच पुढं जायचं. त्यो झोपलेला असला, खात असला, तर न्हाय म्हंजे न्हाय. आन् बापाला सांगायचं, एकटं सोडू नको मला ह्याच्यापाशी."

सुनीलनं मुसकं फाटकावर टाकलं.

आणि तेव्हा आबा मटकन खाली बसले. "बाई, एवढे दिस त्याला दुखत हुतं," ते म्हणाले. "आन् मी त्याला समजावत बसलो. म्हणायचो, गेली रं मेंढरं, आता इसर. तोंड कुरवाळायचो त्याचं. त्याच गालावरनं हात फिरवायचो."

प्रमिलाताईंनी आयुष्यात यापेक्षा कितीतरी लहान चुकांवर माणसांना धारेवर धरलेलं मी पाहिलं होतं. त्या पडल्या जागेवरून आबांकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "दुखत असताना बी त्यानं तुमाला कधी चावा घेतला न्हाय आबा. तुमचा हात त्यानं सोसला. का सोसला, ते मला न्हाय सांगता यायचं. ते माझ्या पुस्तकात न्हाय."

आबा ढसाढसा रडले. सुनीलनं पिकअपचं फळकं उघडलं, पण आबांनी मान हलवली. ते उठले, खंड्याच्या पाठीवर हात ठेवला आणि कालव्याच्या रस्त्यानं चालायला लागले. खंड्या त्यांच्या बाजूनं, एक पाय किंचित जपत. सुनील पोरीला घेऊन सावकाश गाडी मागं चालवत राहिला.

त्या उन्हाळ्यात बाईंचे गुडघे फारच बिघडले आणि मुलगी त्यांना नागपूरला घेऊन गेली. दोन वर्षांत तिथंच त्या वारल्या. नागपूरला निघाल्या तेव्हा गल्लीतले सगळे गाडीपाशी जमले होते, पण तो दिवस मला नीट आठवतही नाही. मला आठवते ती खंड्या घरी गेला तीच संध्याकाळ. मी बाईंना उठवायला पुढं झालो, हात दिला. त्यांनी तो बाजूला केला. गाल मातीला लावून, जमिनीच्या पातळीवरून बाई त्या दोघांच्या पायांकडे बघत होत्या, आबांचे दोन आणि खंड्याचे चार, एकाच चालीनं लांब जाणारे. डोळ्यांतून पाणी ओघळून मातीत जात होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं.

"थांबा हो जरा," त्या म्हणाल्या. "वळणापर्यंत बघू द्या."